पाटीवरची तारीख

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा. आकाराने मात्र बहुधा तालुक्याएवढीच. राज्यात अशा १५९ काउंट्या आहेत. प्रत्येकीचे एक मुख्य गाव, गावात कोर्टहाऊस, आणि कोर्टहाऊसच्या हिरवळीवर नाहीतर शेजारच्या रस्त्याकडेला खांबावर चढवलेली एक पाटी. ओतीव अॅल्युमिनियमची, गडद हिरव्या रंगाची, माथ्यावर राज्याची मुद्रा आणि खाली उठावाची अक्षरे. १९५१ साली स्थापन झालेल्या ‘जॉर्जिया हिस्टॉरिकल कमिशन’ने पुढच्या वीसेक वर्षांत अशा जवळजवळ दोन हजार पाट्या राज्यभर रोवल्या. काउंटीच्या स्थापनेच्या पाट्या त्यांतल्याच.

या पाट्यांचा साचा ठरलेला आहे. विधिमंडळाच्या अमुक तारखेच्या कायद्याने ही काउंटी निर्माण झाली. तिला अमुक गृहस्थांचे नाव दिले. ते गव्हर्नर होते, सिनेटर होते, सेनापती होते. मग पहिले अधिकारी: शेरीफ, कोर्टाचे कारकून, सर्वेक्षक, कॉरोनर. अगदी तळाशी बारीक अक्षरांत काउंटीचा क्रमांक, पाटीचा क्रमांक, कमिशनचे नाव आणि एक वर्ष. गाडीतून उतरून पाटी वाचणाऱ्याची नजर तळापर्यंत क्वचितच पोचते.

राज्याच्या उत्तर भागातल्या दहा काउंट्यांची जन्मतारीख एकच आहे: ३ डिसेंबर १८३२. कॅस, चेरोकी, कॉब, फ्लॉइड, फोरसाइथ, गिल्मर, लम्पकिन, मरे, पॉल्डिंग आणि युनियन. या दहाही एकाच काउंटीतून कापून काढल्या. त्या मूळ काउंटीचे नावही चेरोकीच, आणि तिलाही तेव्हा वर्ष पुरे झाले नव्हते. ती डिसेंबर १८३१ मधली. जी काउंटी नीट उभी राहायच्या आत तिचे दहा तुकडे करावे लागतात, तिच्या कागदपत्रांत डोकावायला हवे.

तारखेत खोट नाही. मिलेजविल ही तेव्हाची राजधानी. तिथल्या विधिमंडळाचे कायदे दर अधिवेशनानंतर छापले जात आणि ते खंड आज उपलब्ध आहेत. पाटी लिहिणाऱ्याने तारीख तिथूनच घेतली असणार. तपासायचे आहे ते ‘निर्माण झाली’ हे क्रियापद. कारण त्या दिवशी त्या जमिनीवर आधीच एक राज्य नांदत होते, आणि त्याचेही कागद शिल्लक आहेत.

चेरोकी राष्ट्राने १८२० मध्ये आपल्या मुलखाचे आठ विभाग पाडले होते. प्रत्येक विभागाला न्यायालय होते, हुकमांची अंमलबजावणी करणारा मार्शल होता. १८२५ मध्ये न्यू इकोटा इथे राजधानी वसवायचे ठरले. जुलै १८२७ मध्ये लेखी राज्यघटना मंजूर झाली, आणि तिच्या पहिल्याच कलमात देशाची हद्द लिहिली आहे: कुठल्या नदीपासून कुठल्या डोंगरापर्यंत, कोणत्या तहाने ठरलेल्या रेषेपर्यंत. आपल्याकडच्या दानपत्रात चतुःसीमा सांगतात, तसे. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू इकोटाच्या छापखान्यातून ‘चेरोकी फिनिक्स’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. संपादक इलायस बूडिनॉट. मजकूर इंग्रजीत आणि चेरोकीत. चेरोकी मजकुराची लिपी सेक्वोया नावाच्या, इंग्रजी लिहिता-वाचता न येणाऱ्या एका कारागिराने काही वर्षांपूर्वीच घडवली होती, आणि तिचे खिळे या वृत्तपत्रासाठी मुद्दाम पाडून घेतले होते. या वृत्तपत्राच्या पानांवर चेरोकी राष्ट्राचे कायदे क्रमाने छापलेले सापडतात. म्हणजे मिलेजविलचा कायद्यांचा खंड आणि ‘फिनिक्स’ची फाइल शेजारी शेजारी ठेवली, तर एकाच भूभागाच्या दोन दप्तरांचा ताळा घेता येतो.

जॉर्जियाच्या दप्तराची सुरुवात १८०२ च्या एका करारापासून होते. त्या कराराने जॉर्जियाने आपला पश्चिमेकडचा हक्क, म्हणजे आजच्या अलाबामा-मिसिसिपीतला पट्टा, केंद्र सरकारला दिला. बदल्यात केंद्राने कबूल केले, की राज्याच्या हद्दीतल्या जमिनींवरचे आदिवासींचे हक्क शांततेने आणि वाजवी अटींवर सोडवून घेऊन त्या जमिनी राज्याला देऊ. पाव शतक उलटले तरी चेरोकी जमीन विकायला तयार नव्हते, आणि घटना लिहून त्यांनी ते जाहीरही केले. त्याच सुमारास, १८२८-२९ मध्ये, त्यांच्या डोंगरांत सोने सापडले.

यानंतरचे कायदे तारखांसह वाचले, की पाटीवरच्या ओळीत काय गाळले ते आपोआप दिसू लागते. २० डिसेंबर १८२८: राज्याचे कायदे चेरोकी मुलखाला लागू करण्याची घोषणा. १९ डिसेंबर १८२९: तो मुलूख कॅरॉल, डिकॅल्ब, ग्विनेट, हॉल आणि हॅबरशॅम या शेजारच्या पाच काउंट्यांना वाटून जोडला, १ जून १८३० पासून चेरोकींचे स्वतःचे कायदे रद्दबातल, आणि गोऱ्या माणसाविरुद्धच्या खटल्यात चेरोकीची साक्ष ग्राह्य नाही. डिसेंबर १८३०: चेरोकी मुलखात राहणाऱ्या गोऱ्या माणसाने राज्याशी निष्ठेची शपथ घेऊन परवाना काढावा, नाहीतर तुरुंग, बंदोबस्ताला ‘जॉर्जिया गार्ड’ ही शिबंदी, शिवाय जमिनीच्या मोजणीचा कायदा. मधल्या काळात, २८ मे १८३० रोजी, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी पूर्वेकडच्या आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली होती.

या कायद्यांची धार किती होती हे दोन खटल्यांत दिसते. कॉर्न टॅसल या चेरोकीवर दुसऱ्या चेरोकीच्या खुनाचा आरोप होता. गुन्हा चेरोकी हद्दीतला. त्याचा खटला हॉल काउंटीच्या कोर्टात चालला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याला उत्तर द्यायला बोलावले. राज्याने तो हुकूम बाजूला सारून २४ डिसेंबर १८३० रोजी टॅसलला फाशी दिली. दुसरा खटला सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याचा. न्यू इकोटात राहून तो बूडिनॉटबरोबर भाषांतराचे काम करी आणि गावचा पोस्टमास्तरही होता. पहिल्या अटकेनंतर, पोस्टमास्तर म्हणजे केंद्राचा माणूस म्हणून त्याला सोडावे लागले; तेव्हा राज्याने त्याची ती नेमणूकच रद्द करवून घेतली आणि पुन्हा पकडले. सप्टेंबर १८३१ मध्ये ग्विनेट काउंटीच्या कोर्टाने वूस्टरसह परवाना न काढलेल्या अकरा जणांना चार-चार वर्षांची सक्तमजुरी सुनावली. नऊ जण माफी घेऊन सुटले. वूस्टर आणि डॉक्टर एलायझर बटलर यांनी माफी नाकारली आणि ते मिलेजविलच्या तुरुंगात गेले.

त्यांच्या अपिलाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च १८३२ रोजी दिला. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा, की चेरोकी राष्ट्र हा स्वतःच्या हद्दीत राहणारा वेगळा समाज आहे आणि त्या हद्दीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. आता पाटीवरची तारीख पुन्हा पाहावी. ३ मार्च ते ३ डिसेंबर, बरोबर नऊ महिने. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जिथे तुमचा कायदा चालत नाही म्हणून सांगितले, तिथे नऊ महिने भरल्यावर त्याच कायद्याने दहा काउंट्या जन्माला घातल्या.

या निकालावर जॅक्सन काय बोलले, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे: मार्शलनी निकाल दिलाय, आता तो त्यांनीच अमलात आणून दाखवावा, अशा अर्थाची. शाळेच्या पुस्तकांतही ती असते. पण हे वाक्य छापील स्वरूपात ठळकपणे येते ते होरेस ग्रीली यांच्या १८६४ च्या ग्रंथात, म्हणजे निकालानंतर बत्तीस वर्षांनी आणि जॅक्सन यांच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. समकालीन आधार त्याला नाही. जे शिल्लक आहे ते जॅक्सन यांनी एप्रिल १८३२ मध्ये मित्राला, जॉन कॉफी यांना लिहिलेले पत्र. त्यात ते म्हणतात, की निकाल मृतावस्थेतच जन्मला आहे आणि जॉर्जियाला नमवणे न्यायालयाला जमणारे नाही. प्रसिद्ध वाक्यात फुशारकी आहे. पत्रात थंड हिशेब आहे, आणि तो बरोबरही होता. निकाल देऊन न्यायालयाचे सत्र संपले होते; हुकूम पाळला गेला की नाही हे बघायला ते पुन्हा भरणार होते ते १८३३ च्या जानेवारीत. मधले सगळे महिने राज्याला मोकळे होते.

ते महिने जॉर्जियाने मोजणीत आणि सोडतीत घालवले. साखळ्या आणि होकायंत्रे घेऊन सर्वेक्षक चेरोकींच्या शेतांतून, वाड्यांतून, ओढ्यांवरून फिरले. मुलखाचे चार ‘सेक्शन’ झाले, त्यांचे ‘डिस्ट्रिक्ट’, आणि त्यांचे चौकोनी प्लॉट: साध्या जमिनीचे १६० एकरांचे, सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे. मोजणीची रेघ कोणाच्या परसातून जाते हे पाहायचे कारण नव्हते. २२ ऑक्टोबर १८३२ रोजी मिलेजविलला सोडत सुरू झाली. एका पिंपात माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात प्लॉटच्या क्रमांकांच्या. राज्यात ठरावीक वर्षे राहिलेला गोरा प्रौढ पुरुष, विधवा, अनाथ मुले यांना हक्क. जुन्या सैनिकांना जास्तीची चिठ्ठी. १६० एकरांच्या १८,३०९ प्लॉटसाठी सुमारे ८५,००० जण होते, आणि सोन्याच्या ३५,००० प्लॉटसाठी सुमारे १,३३,०००.

या आकड्यांचा गुणाकार करून बघावा. पहिल्या प्रकारचे २९ लाख एकर, दुसऱ्याचे १४ लाख. एकूण सुमारे ४३ लाख एकर, म्हणजे साडेसतरा हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा अहिल्यानगर जिल्हा याहून किंचित लहानच आहे. एवढा मुलूख पिंपातून काढून वाटला, आणि तो वाटणे सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी त्यावर काउंट्या ‘निर्माण’ झाल्या. क्रम लक्षात घ्यायला हवा. आधी वस्ती, मग शासन, हा पाटी वाचणाऱ्याचा स्वाभाविक समज असतो. इथे आधी चिठ्ठी, मग काउंटी, मग वस्ती. ज्याला प्लॉट लागला त्याला खरेदीखत नोंदवायला कचेरी हवी, वाद झाला तर कोर्ट हवे, शेजाऱ्याला हटवायला शेरीफ हवा. एका काउंटीच्या दहा का झाल्या, त्याचे उत्तर या हजारो चिठ्ठ्यांत आहे.

ही सोडत संपून जवळजवळ दोन शतके झाली, तरी तिची भाषा मेलेली नाही. त्या भागातले आजचे खरेदीखत उघडले, तर जमिनीचे वर्णन अजूनही अमुक लँड लॉट, अमुक डिस्ट्रिक्ट, अमुक सेक्शन असेच सुरू होते. आपल्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो, तसा त्यांच्या कागदावर १८३२ च्या पिंपातला क्रमांक आहे. डहलॉनेगा हे लम्पकिन काउंटीचे मुख्य गाव अशाच एका क्रमांकावर वसले. आधी मान ऑरेरिया या खाणवाल्यांच्या गावाला मिळणार होता, पण तिथल्या प्लॉटच्या मालकीचा वाद निघाला, म्हणून कोर्ट लॉट क्रमांक ९५० वर गेले. गावाला नाव दिले ते मात्र चेरोकी भाषेतले, पिवळा या अर्थाच्या शब्दावरून. १८३६ मध्ये विटांचे कोर्टहाऊस उभे राहिले. आज त्यात सोन्याचे संग्रहालय आहे. १८३८ मध्ये केंद्र सरकारची टाकसाळ तिथे सुरू झाली आणि १८६१ पर्यंत चालली. चेरोकी शब्द राहिला, चेरोकी बोलणारे त्याच १८३८ मध्ये गेले.

पाटीवरची पुढची ओळ नावाची. लम्पकिन काउंटी विल्सन लम्पकिन यांच्या नावाची. काउंटी झाली तेव्हा ते गव्हर्नरच्या खुर्चीवर होते. त्याआधी काँग्रेसमध्ये चेरोकींना हलवण्याच्या धोरणाचा त्यांनी पाठपुरावा केला होता, पुढे त्याच धोरणाच्या अंमलबजावणीसाठी ते केंद्राचे आयुक्तही झाले. त्यांनी आपली भाषणे, पत्रे आणि टिपणे जपून ठेवली. ती १९०७ मध्ये दोन खंडांत छापली गेली, आणि ग्रंथाचे नावच मुळी चेरोकींना जॉर्जियातून हलवण्यावर आहे. आयुष्याची कमाई म्हणून ते याच कामाकडे पाहत होते. जॉर्ज गिल्मर हे त्यांच्या आधीचे गव्हर्नर. परवान्याचा कायदा आणि टॅसलची फाशी त्यांच्या कारकिर्दीतली. जॉन फोरसाइथ यांनी सिनेटमध्ये १८३० च्या कायद्याची बाजू लढवली. ल्यूइस कॅस हे जॅक्सन यांचे युद्धमंत्री. हलवण्याचे खाते त्यांच्याकडे. दहापैकी चार नावे या एकाच कामाच्या माणसांची. आणि चेरोकी हे पाचवे नाव ज्यांना हलवायचे त्यांचे.

उरलेल्यांत एक नाव वेगळे आहे: युनियन. २४ नोव्हेंबर १८३२ रोजी शेजारच्या साउथ कॅरोलायनाने केंद्राचा जकातीचा कायदा आपल्या हद्दीत चालणार नाही असे जाहीर करून संघराज्यालाच आव्हान दिले. त्या गदारोळात जॉर्जियात दोन तट पडले होते, आणि संघराज्याच्या बाजूच्या भावनेचे नाव या काउंटीला मिळाले. गंमत अशी, की केंद्राच्या न्यायालयाला न जुमानणारे राज्यच संघनिष्ठेच्या नावाने काउंटी काढत होते. हाच पेच वूस्टरच्या सुटकेमागेही होता. साउथ कॅरोलायनाला एकटे पाडायचे, तर जॉर्जियाशी न्यायालयाचा तंटा मिटायला हवा होता. मध्यस्थांनी दोन्हीकडे दडपण आणले. मिशनऱ्यांनी दावा पुढे नेणे थांबवले आणि लम्पकिन यांनी १४ जानेवारी १८३३ रोजी त्यांना सोडले. निकाल जागच्या जागी राहिला, फक्त तो अमलात आणा म्हणून दार ठोठावणारे कोणी उरले नाही.

कॅस हे नाव पुढे पुसले गेले. ६ डिसेंबर १८६१ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्या वर्षी, विधिमंडळाने ते बदलून बार्टो केले. फ्रान्सिस बार्टो हे जुलैतल्या मॅनासासच्या लढाईत पडलेले दक्षिणेचे अधिकारी. कॅस यांचे नाव खटकले ते ते उत्तरेचे म्हणून. चेरोकींचा संबंध त्यात कुठेच नव्हता.

आता पाटीवरची तिसरी ओळ, पहिल्या अधिकाऱ्यांची. मूळ चेरोकी काउंटीचे पहिले कोर्ट १८३२ मध्ये भरले ते अँब्रोज हार्नेज यांच्या घरी. हार्नेज गोरे, पण चेरोकी घराण्याशी सोयरीक असलेले. नव्या काउंटीला बसायला जी ओसरी मिळाली, तीच मुळात जुन्या राष्ट्राच्या गोतावळ्यातली होती. शेरीफची, गार्डची आणि लॉटरीवाल्यांची गाठ पडली म्हणजे काय होई, ते मरे काउंटीतल्या एका घरात अजून पाहता येते. जोसेफ व्हॅन हा चेरोकींतला बडा जमीनदार; त्याचा विटांचा दुमजली वाडा त्याच्या बापाने १८०४ च्या सुमारास बांधला. वाड्याच्या श्रीमंतीला दुसरी बाजू होती: १८३५ मध्ये व्हॅनकडे ११० काळे गुलाम होते. १८३३ च्या अखेरीस जॉर्जियाने कायदा केला, की गोऱ्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या चेरोकीचा जमिनीवरचा ताबा संपेल. व्हॅनने एक गोरा मुकादम ठेवला होता. त्यावरून वाडा जप्तीला निघाला. मार्च १८३५ मध्ये जॉर्जिया गार्डचा कर्नल बिशप ताबा घ्यायला आला, तर लॉटरीच्या जोरावर दावा सांगणारा स्पेन्सर रायली आधीच माडीवर ठाण मांडून बसलेला. गोळीबार झाला. रायलीला खाली आणण्यासाठी बिशपच्या माणसांनी जळते लाकूड जिन्यावर फेकले. तो जिना खांबाशिवाय भिंतीतून बाहेर आलेला, त्या काळच्या सुतारकामाचा नमुना आहे. दोन गोरे पक्ष घरासाठी भांडत होते. घरवाले बायकामुलांसह टेनेसीकडे निघून गेले.

चेरोकींचे मुख्य प्रधान जॉन रॉस यांचीही तीच गत झाली. कूसा नदीच्या उगमाशी, आजच्या फ्लॉइड काउंटीतल्या रोम गावी, त्यांचे घर आणि नदीवरची होडीची उतारपेठ होती. १८३५ च्या वसंतात वॉशिंग्टनहून वाटाघाटी करून ते रात्री घरी परतले, तर घरात परकी माणसे. लॉटरीत प्लॉट लागलेल्याने ताबा घेतला होता आणि कुटुंबाला बाहेर काढले होते. रॉस यांनी पुढच्या वर्षी छापलेल्या पत्रात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पत्र प्रचाराचे आहे हे लक्षात ठेवूनच ते वाचायला हवे. पण लॉटरीची नोंदवही आणि त्यांचे पुढचे टेनेसीतले वास्तव्य त्याला दुजोरा देतात.

१८३५ मध्ये केंद्र सरकारने चेरोकींची शिरगणती केली. तिचे तक्ते घरोघरचे आहेत: माणसे किती, शेत किती एकर, मका किती, सूत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या किती, इंग्रजी वाचणारे किती, चेरोकी वाचणारे किती. मिसिसिपीच्या पूर्वेला एकूण १६,५४२ चेरोकी. त्यांतले ८,९४६ एकट्या जॉर्जियाच्या हद्दीत. शिवाय १,५९२ गुलाम आणि लग्नसंबंधाने आलेले २०१ गोरे. म्हणजे काउंट्या ‘निर्माण’ होऊन तीन वर्षे झाली, तरी जवळजवळ नऊ हजार मूळ मालक जागच्या जागी होते, आणि त्यांनी जमीन सोडल्याचा एकही कागद राज्याकडे नव्हता.

तो कागद २९ डिसेंबर १८३५ रोजी तयार झाला. न्यू इकोटात, बूडिनॉट यांच्या घरी, सुमारे वीस चेरोकींनी करारावर सह्या केल्या: पन्नास लाख डॉलर आणि पश्चिमेला जमीन, बदल्यात पूर्वेकडचा सगळा मुलूख, दोन वर्षांत निघायचे. सह्या करणाऱ्यांना राष्ट्राच्या सरकारने अधिकार दिलेला नव्हता. विरोधातल्या अर्जावर साडेपंधरा हजारांहून अधिक नावे होती. हा आकडा जसाच्या तसा घेऊन चालत नाही. एकूण लोकसंख्याच साडेसोळा हजार, तेव्हा त्यात लेकरेही मोजलेली असणार, आणि कराराच्या समर्थकांनी तेव्हाच ते दाखवूनही दिले होते. पण निम्मी नावे वगळली तरी एका बाजूला वीस आणि दुसऱ्या बाजूला हजारो, हे प्रमाण बदलत नाही. सिनेटने मे १८३६ मध्ये करार ३१ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केला. दोन तृतीयांश मते लागत होती, एक मत इकडचे तिकडे झाले असते तर करार पडला असता.

मग भरपाईसाठी मूल्यमापक फिरले. त्यांच्या वह्या हा या सगळ्या दप्तरातला सर्वांत बोलका भाग. कुटुंबप्रमुखाचे नाव, लाकडी खोपटाची लांबी-रुंदी, चूल दगडाची की मातीची, मक्याची कणगी, कुंपण, लागवडीखालची जमीन, आणि झाडे: पीचची इतकी, सफरचंदाची इतकी, प्रत्येक झाडाला भाव. लॉटरीच्या वहीत ज्याला नुसता क्रमांक होता, त्याच तुकड्यावर इथे फळझाडे दिसतात. पाटीला लागणाऱ्या तीन ओळी कायद्याच्या खंडातून मिळतात. मूल्यमापकाच्या वहीतून पाटीसाठी घ्यावे असे काहीच नसते.

२३ मे १८३८ ला मुदत संपली. २६ मे रोजी जनरल विनफिल्ड स्कॉट यांच्या हुकमाने जॉर्जियातली धरपकड सुरू झाली आणि तीनेक आठवड्यांत आटोपली. न्यू इकोटालाच लष्करी ठाणे उभारून त्याला ‘फोर्ट वूल’ नाव दिले होते. छावण्यांत आणि पश्चिमेच्या वाटेवर किती मेले, याचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा चार हजार. त्याची नोंदवही नाही. तो एका तुकडीबरोबर गेलेल्या डॉक्टरचा अंदाज आहे. त्या डॉक्टरचे नाव एलायझर बटलर, मिलेजविलच्या तुरुंगात माफी नाकारणारा तोच. मोजणी नसलेल्या ठिकाणी साक्षीदार कोण, हे इतिहासकाराला विचारावे लागते. इथे साक्षीदाराचे नाव तरी ठाऊक आहे.

आता पाटीच्या तळाची बारीक ओळ. तिथे १९५० च्या दशकातले वर्ष असते, आणि पाटीवर ती एकच तारीख तिच्या स्वतःच्या जन्माची आहे. पाटी १८३२ बद्दल बोलते, पण बोलणारी १९५० च्या दशकातली आहे. त्या काळी जॉर्जियाने शासनाच्या वंशावळीला महत्त्व दिले: कायदा, नामकरण, अधिकारी. दुसऱ्या वंशावळीचा शोधही त्याच दशकात सुरू झाला. न्यू इकोटाची जागा शेतात बुजली होती. आज ती १८५० मध्ये निघालेल्या गॉर्डन काउंटीत येते. १९५४ साली तिथे उत्खनन झाले आणि मातीतून ‘फिनिक्स’च्या छापखान्याचे शिशाचे खिळे निघाले, सेक्वोयाच्या लिपीतले. १९५८ मध्ये व्हॅनचा वाडा दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडला. १९६२ मध्ये न्यू इकोटा खुले झाले, आणि त्याच वर्षी विधिमंडळाने चेरोकींविरुद्धचे जुने कायदे औपचारिकरीत्या रद्द केले. १९९२ मध्ये राज्याच्या माफी मंडळाने वूस्टर आणि बटलर यांना माफी दिली; १८३१ मध्ये त्यांनी नाकारली होती तीच, एकसष्टाव्या नव्हे, एकशे एकसष्टाव्या वर्षी. खरेदीखतावरचे लॉट क्रमांक मात्र कोणी रद्द केले नाहीत. ते करताही येणार नाहीत, आता त्यांच्यावर सगळी घरे उभी आहेत.

एकाच राज्यात, एकाच दशकात, एकीकडे काउंटीच्या स्थापनेची अक्षरे अॅल्युमिनियममध्ये ओतली जात होती आणि दुसरीकडे तिच्याआधीची अक्षरे जमिनीतून खणून काढली जात होती. डहलॉनेगासारख्या गावात ती हिरवी पाटी समोर आली, तर ती खालून वर वाचावी: आधी कमिशनचे वर्ष, मग अधिकारी, मग नाव, आणि शेवटी ती तारीख. तिथे पोचेपर्यंत ‘निर्माण झाली’चे ओझे किती, ते वाचणाऱ्याला कळलेले असते.